क्रँकबेटसाठी लाईन: ताकद नंतर, जाडी आणि ताण आधी

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला नीट समजलाय का ते तुम्हाला कळेल. तुम्ही मूळचे कसबा बावड्याचे, पंचगंगेवर गळ टाकत लहानाचे मोठे झालात, सध्या नोकरीसाठी डॅलसला आहात आणि तिथे लार्जमाउथ बास या अमेरिकन शिकारी माशाचा नाद लागलाय. सात फुटी मीडियम हेवी (बऱ्यापैकी कडक), फास्ट ॲक्शनचा (फक्त टोकाशी वाकणारा) रॉड, बेटकास्टर (आडव्या, फिरत्या चकरीचं) रीळ आणि त्यावर दुकानदाराने भरून दिलेली ३० पौंडी ब्रेड, म्हणजे ३० पौंडांची ओढ सोसणारी विणलेली लाईन. दहा फुटांपर्यंत बुडणारा क्रँकबेट (पुढे जीभ असलेला खोटा मासा, पुढे नुसता ‘बेट’) धरणाच्या पिचिंगच्या, म्हणजे उतारावर रचलेल्या दगडांजवळून ओढता. मासा लागतो, पण काठाजवळ आल्यावर उडी मारून सुटतो. वर दोन बेट दगडांत तुटून गेले. आता फ्लुरोकार्बन (जड, कठीण प्लास्टिकची एकसंध लाईन) घ्यावी की मोनो (साधी नायलॉनची), किती पौंडाची घ्यावी, आणि डिसेंबरात कोल्हापूरला याल तेव्हा हाच सेट इथे चालेल का, हे तुम्हाला हवंय.

मी काही वर्षं टेक्सासमध्ये होतो, तिथली तळी फिरलोय, आणि आता परत कोल्हापुरात आहे. त्यामुळे दोन्ही पाण्यांबद्दल बोलता येईल.

तुमच्या दोन तक्रारींची कारणं वेगवेगळी आहेत, पण दोन्ही ठिकाणी लाईन कमी ताकदीची पडतेय असं तुम्ही धरून चाललाय. तसं नाही. ३० पौंड म्हणजे साडेतेरा किलोच्या वर. लार्जमाउथ बासचा जागतिक विक्रम १९३२ साली जॉर्जियात धरलेल्या २२ पौंड ४ औंसांच्या माशाचा आहे, आणि २००९ साली जपानच्या बिवा तळ्यात धरलेला मासा त्याच्या बरोबरीचा मानला जातो. टेक्सासचा विक्रम १८.१८ पौंडांचा, १९९२ चा, लेक फोर्कचा. म्हणजे ताकदीच्या हिशेबाने १० किंवा १२ पौंडी लाईन रोजच्या माशाला भरपूर झाली. क्रँकबेटला लाईन निवडताना मी तीन गोष्टी बघतो, आणि त्याही याच क्रमाने: लाईन किती जाड आहे, ती किती ताणते, आणि दगडाला घासून किती टिकते. पौंडाचा आकडा शेवटी.

आधी मासा सुटण्याचं बघू, कारण खरा जीव तिथेच तुटतो.

क्रँकबेटला दोन छोटे तिहेरी गळ असतात. त्यांची तार बारीक, टोकं लहान. आपण गांडूळ लावून जो एकेरी गळ टाकतो तो माशाच्या तोंडात खोल जाऊन जबड्यात बसतो. तिहेरी गळ बऱ्याचदा ओठाच्या कडेला, पातळ चामडीत, एका-दोन टोकांवर अडकतो. त्यात बास हा पाण्याबाहेर उडी घेऊन डोकं झाडणारा मासा. तोंडाबाहेर लटकणाऱ्या बेटचं वजन त्या झाडण्यात हिसका देतं. अशा वेळी लाईन आणि रॉड दोन्ही कडक असतील, तर प्रत्येक हिसका थेट त्या चामडीवर येतो आणि भोक मोठं होत जातं. मग एका क्षणी दोरा ढिला पडला की गळ आपोआप गळून पडतो. हे काठाजवळच का होतं, तर तिथे बाहेर राहिलेली लाईन जेमतेम दोन-तीन मीटर असते. लांबवर होता तोवर थोडाफार झोल, थोडी पाण्याची ओढ धक्का खात होती. जवळ आल्यावर धक्का खायला काहीच उरत नाही.

ब्रेड जवळजवळ ताणतच नाही. पॉलिथिलीनच्या अतिशय मजबूत तंतूंची ती वीण असते. फ्रॉग (रबरी बेडूक) ओढायला, झाडोऱ्यातून मासा उपसून काढायला तिच्यासारखी दुसरी लाईन नाही. पण फास्ट ॲक्शन रॉड, ब्रेड आणि तिहेरी गळ या तिघांची सांगड मला पटत नाही. मोनो, म्हणजे आपला साधा नायलॉनचा तंगूस, तुटेपर्यंत वीस-पंचवीस टक्क्यांच्या आसपास ताणतो. फ्लुरोकार्बन अजिबात ताणत नाही असं बरेच जण ठासून सांगतात, ते चूक आहे. तीही ताणते. फरक इतकाच, की ताणायला सुरुवातीला जास्त जोर लागतो आणि खूप ताणल्यावर ती पूर्ववत होत नाही.

हे माझ्या शब्दावर घेऊ नका. पार्किंगमधल्या खांबाला लाईनचं टोक बांधा, पंचवीसेक पावलं मागे जा, रीळ घट्ट करा आणि रॉड न वापरता हातानेच ओढा. ब्रेड असेल तर खांबच हातात आल्यासारखं वाटेल. १२ पौंडी मोनो असेल तर तुम्ही मीटरभर मागे सरकाल आणि लाईन परत तुम्हाला पुढे ओढेल. तेवढी जागा माशाच्या तोंडातल्या भोकाला मिळते. फ्लुरो या दोघांच्या मधे, पण मोनोच्या बाजूला झुकलेली.

मग सरळ मोनोच का नाही? इथे खोलीचा मुद्दा येतो, आणि क्रँकबेटच्या बाबतीत यावर बोलावं तितकं थोडं आहे.

क्रँकबेट पुढच्या प्लास्टिकच्या जिभेमुळे बुडतो. ओढलं की ती जीभ पाणी वर ढकलते आणि बेट खाली जातं. पण बेटसोबत लाईनही पाण्यातून ओढली जात असते, आणि तिचा विरोध बेटला वर खेचत असतो. लाईन जितकी जाड, तितका विरोध जास्त, तितकं बेट उथळ. खोक्यावर छापलेले दहा फूट हे लांब फेक आणि बऱ्यापैकी बारीक लाईन धरून छापलेले असतात. तोच बेट १० पौंडीवरून १७ पौंडी मोनोवर आणलात तर तो फूट-दोन फूट वरूनच चालेल. दगड आठ फुटांवर असतील आणि बेट सहावर चालत असेल, तर दिवसभर फेकूनही तुम्ही माशाच्या डोक्यावरून ओढत बसाल. क्रँकबेटची सगळी मजा दगडाला, ओंडक्याला धडकून तो वेडावाकडा उडण्यात आहे. बास बहुतेक वेळा त्या धडकेनंतरच झडप घालतो. तळाला लागत नसलेला क्रँकबेट हा निम्मा क्रँकबेट.

म्हणून लाईन घेताना पौंडाचा आकडा झाकून मिलीमीटर वाचा. पौंडाचं लेबल कंपनीगणिक वेगळं असतं. एकीची १० पौंडी दुसरीच्या १२ पौंडीएवढी जाड निघते. साधारण हिशेब असा: १० पौंडी मोनो ०.२८ मिलिमीटरच्या आसपास, १२ पौंडी ०.३३ च्या आसपास, फ्लुरो त्याच पौंडाला थोडी बारीक किंवा तेवढीच. तुमची ३० पौंडी ब्रेडही ०.२८ च्या घरातच आहे. म्हणजे खोलीचा त्रास तुम्हाला ब्रेडमुळे झालेला नाही, आणि तुम्ही तशी तक्रारही केलेली नाही.

जाडीखालोखाल येते ती घनता. फ्लुरोकार्बन पाण्यापेक्षा बरीच जड, घनता १.७८. नायलॉनची १.१४, म्हणजे पाण्याहून किंचितच जास्त, म्हणून ती सावकाश बुडते. ब्रेडची ०.९७, म्हणून ती तरंगते. एकाच जाडीच्या मोनो आणि फ्लुरोत फ्लुरो बेटला थोडं जास्त खाली राहू देते आणि लाईनचा फुगाही (पाण्यातला झोल) कमी पडतो, त्यामुळे बेट दगडाला लागलं की हाताला लगेच कळतं. फ्लुरो पाण्यात दिसत नाही, ही जाहिरात मात्र मी क्रँकबेटपुरती बाजूला ठेवतो. तिचा अपवर्तनांक (प्रकाश वाकवण्याचं माप; पाण्याच्या जितका जवळ, तितकी लाईन कमी दिसते) १.४२, पाण्याचा १.३३, नायलॉनचा १.५ च्या वर, हे खरं आहे. पण समोरून खडखडत जाणाऱ्या बेटवर तुटून पडणारा बास लाईन न्याहाळत बसत नाही.

तुमच्या पाण्याला, तुमच्या बेटला माझं उत्तर: १२ पौंडी फ्लुरोकार्बन. बेट आठ-दहा फुटांवर चालवायचंय, तळ दगडी आहे, झाडोरा नाही. खुल्या पाण्यात, दगड फार धारदार नसतील तर १० पौंडीवर उतरा, बेट आणखी खाली जाईल. पुढे कधी पाच फुटांच्या आतले चौकोनी जिभेचे उथळ बेट ओंडक्यांमधून चालवलेत, तर तिथे १४ ते १७ पौंडी मोनो लावा. तिथे बेट मुद्दाम वरच ठेवायचं असतं आणि मोनोचं ताणणंही कामाला येतं. पाण्याखाली दाट गवत असेल आणि बिनजिभेचा बेट त्यातून झटके देऊन सोडवायचा असेल, तर ब्रेड. गवत कापायचं काम तीच करते. क्रँकबेटच्या घराण्यात ब्रेड मला पटते ती एवढ्या एकाच ठिकाणी.

तुमच्या मनात येईल की ब्रेड आहे तशी ठेवून पुढे दोन-तीन मीटर फ्लुरोचा लीडर जोडला तर? दगडांसाठी उपयोग होईल. मासा सुटायचा थांबणार नाही. दोन-तीन मीटर लाईन ताणून ताणून किती ताणणार? बाकी वीस-पंचवीस मीटर ब्रेडच राहिली, म्हणजे मासा काठाजवळ येईपर्यंत भोक मोठं झालेलंच असेल. त्यापेक्षा ब्रेड फेकू नका, रिळाच्या तळाला तशीच राहू द्या, आणि वरचे साठ-सत्तर मीटर फ्लुरोचे भरा. दोन्ही लाईन दुहेरी युनी गाठीने जोडा. फेक तीस-चाळीस मीटरच्या वर जात नाही, त्यामुळे गाठ गाइडमधून (रॉडवरच्या कड्यांमधून) जायचा प्रश्नच येत नाही. महागडी फ्लुरोही निम्मी लागते.

आता तुटलेल्या दोन बेटांकडे. ब्रेड सरळ ओढीला तुटत नाही, पण ताणलेल्या अवस्थेत दगडाच्या कडेला घासली की तिचे तंतू एकेक करून कापले जातात. क्रँकबेट सतत दगडाला आपटतो, म्हणजे त्याच्यापुढची फूट-दीड फूट लाईन सतत घासली जाते. फ्लुरोचा पृष्ठभाग कठीण असल्याने ती इथे जास्त टिकते, पण तिलाही ओरखडे पडतात. ब्रेडवर कापलेले तंतू केसाळ दिसतात. फ्लुरोवरचा ओरखडा बऱ्याचदा डोळ्याला दिसतच नाही. पाच-सहा फेकींनंतर शेवटची दोन फूट लाईन अंगठा आणि तर्जनीच्या नखांमधून ओढा, किंवा ओठांवरून फिरवा. ओठाला बारीकसा खडबडीतपणाही लागतो. लागला तर तेवढा तुकडा कापा आणि गाठ नव्याने मारा. आळस येतो, मान्य. पण बेट हरवण्याचं आणि चांगला मासा तुटण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे.

फ्लुरोची गाठ घट्ट करण्याआधी थुंकीने ओली करा. कोरडी ओढली की घर्षणाने तापते आणि तिथेच अशक्त होते. पालोमार गाठ उत्तम, पण ती मारताना फास बेटवरून घालावा लागतो आणि तिहेरी गळ त्यात अडकतात. म्हणून लाईनच्या टोकाला एक छोटा, गोल तोंडाचा स्नॅप (उघडझाप होणारा तारेचा आकडा) पालोमारने बांधा आणि बेट त्यात अडकवा. गोल तोंडामुळे बेट मोकळं डुलतं, शिवाय बेट बदलायला गाठ कापावी लागत नाही. भोवरा (स्विव्हल, फिरती कडी) लावू नका. त्या वजनाने आणि लांबीने बेटची चाल बिघडते.

लाईन बदललीत तरी रॉड तोच राहणार, आणि तो तुमच्या कामाला थोडा कडक आहे. नवीन घ्यायचा झाला तर मॉडरेट ॲक्शनचा घ्या, म्हणजे फक्त टोक न वाकता अर्धा रॉड वाकतो असा. फायबरग्लासचा किंवा ग्लास-ग्रॅफाइट मिश्रणाचा असेल तर फारच छान. तोवर दोन सवयी बदला. मासा लागल्याचं कळलं की वर हिसका मारू नका. रीळ फिरवत राहा आणि रॉड आडवा, कमरेच्या पातळीवर बाजूला घ्या. बारीक टोकांचे गळ तेवढ्याने बसतात. आणि ड्रॅग, म्हणजे माशाने ओढल्यावर रीळ ज्या ताणाला दोरा सोडतं तो, ढिला करा. लाईनच्या ताकदीचा साधारण चौथा हिस्सा, म्हणजे १२ पौंडीला सव्वा किलोच्या आसपास. सामान तोलायचा हातातला स्प्रिंगचा काटा लाईनला लावून ओढा, रीळ कितीवर दोरा सोडतं ते लगेच कळेल. ब्रेडच्या सवयीने ड्रॅग आवळून ठेवणारे खूप दिसतात.

काठावरून धरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट करून बघावी. बेट पाण्यात पडल्या पडल्या खोल जात नाही. तो हळूहळू उतरतो, मधल्या टप्प्यात सगळ्यात खोल चालतो आणि तुमच्याकडे येताना परत वर चढतो. तुम्ही धरणावर उभं राहून सरळ समोर फेकता, तेव्हा तळ खोल असतो तिथे बेट अजून उतरतोय, आणि बेट उतरला की तळ दगडांसकट वर आलेला असतो. मग तो दोन दगडांच्या फटीत घुसतो. तुमचे दोन्ही बेट बहुधा असेच गेले असणार. पिचिंगला समांतर, किंवा फार तर तिरपं फेका. बेट बराच वेळ एकाच खोलीच्या दगडांवरून चालेल आणि अडकणंही कमी होईल. अडकलाच, तर ओढू नका, लाईन ढिली सोडा. तरंगणारा क्रँकबेट बऱ्याचदा स्वतःच मागे सरकून सुटतो.

लाईन किती दिवसांनी बदलायची, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण टेक्सासच्या उन्हात महत्त्वाचं आहे. नायलॉन पाणी पितं आणि उन्हाने कमकुवत होतं, त्यामुळे मोनो दर हंगामाला बदलावी. फ्लुरोला ऊन-पाण्याचा फारसा फरक पडत नाही, पण ती रिळावर वेटोळं धरते. वेटोळी फार दिसू लागली किंवा फेकताना सारखी गुंतू लागली की बदला. स्पिनिंग (न फिरणाऱ्या चकरीच्या) रिळावर मात्र १२ पौंडी फ्लुरो भरू नका, उसळून बाहेर येते. तिथे आठपर्यंतच ठीक.

राहिलं कोल्हापूर. बास आपल्या पाण्यात नाही. दबा धरून झडप घालण्याच्या स्वभावात त्याच्या जवळ जाणारा आपला मासा म्हणजे मरळ. तो काठाच्या गवतात आणि केंदाळाच्या कडेला बसतो. तिथे तिहेरी गळाचा क्रँकबेट टाकलात तर प्रत्येक फेकीला केंदाळच ओढून आणाल. मरळीला गवतात न अडकणारा रबरी फ्रॉग आणि ४० ते ५० पौंडी ब्रेड लागते, आणि तुमचा मीडियम हेवी फास्ट रॉड या कामाला अगदी योग्य आहे. टेक्सासमध्ये जो कडकपणा नडतोय, तोच इथे उपयोगी पडेल.

खुल्या पाण्यात क्रँकबेट चालवायचा असेल, तर डिसेंबरात पंचगंगेच्या बंधाऱ्यांचे बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) बसलेले असतात, पाणी अडून संथ झालेलं असतं आणि तळाला गाळ असतो. दहा फुटी बेट चिखलातच नांगर धरेल. पाच फुटांच्या आतले उथळ बेट आणा, त्यावर १४ पौंडी मोनो. बंधाऱ्याच्या खांबांपासून आणि खालच्या कातळापासून जपा. बेसॉल्टच्या कडा लाईनला सुरीसारख्या लागतात. अशा पाण्यात शिंगाळाही बेटवर येतो, आणि त्याचा जोर बासपेक्षा वेगळा, तळाकडे खेचणारा असतो. ड्रॅग तेव्हा थोडा आवळावा लागेल.

परवानगीचं आधी बघा. धरणं आणि तलावांवर मासेमारीचा ठेका बहुधा स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. तिच्या माणसाला भेटून विचारूनच गळ टाका, ते त्यांचं पोट आहे. राधानगरी आणि काळम्मावाडीच्या फुगवट्याचा मोठा भाग अभयारण्यात येतो, तिथे गळ घेऊन जाऊच नका. कापलेल्या लाईनचे तुकडे पाण्यात किंवा काठावर टाकू नका. पाय गुंतलेले पाणकावळे आणि बगळे मी पाहिलेत, आणि नायलॉन वर्षानुवर्षं कुजत नाही. एक रिकामी बाटली सोबत ठेवा, तुकडे त्यात भरून घरी आणा.

येताना ५० पौंडी ब्रेडचं एक रीळ, १४ पौंडी मोनोचं एक आणि दोन-तीन उथळ बेट एवढं आणलंत तरी पुरेल. बेटचे तिहेरी गळ काढून छोट्या डबीत ठेवा आणि ती डबी चेक-इनच्या बॅगेत टाका. फ्लुरो भरलेलं रीळ तिकडेच राहू द्या, इथे त्याचं काम पडणार नाही.